सातवा खवला

ती खुंटी दोन बोटांनी निघायची. किंचित डावीकडे पिरगळायची आणि ओढायची, बस्स. योरुनने ती मुद्दाम तशी बनवली होती. गारठलेल्या, ओल्या हातांनी, डुलणाऱ्या गलबतावर उभं राहून ती काढावी लागते; तेव्हा तिथे कुणी हातोडा शोधत बसणार नाही, एवढी अक्कल तिला सोळाव्या वर्षी होती. डोकं कोरायला अख्खा हिवाळा गेला होता, पण तिची खरी ऐट होती ती या बोटभर खुंटीची.

डोकं सर्पाचं होतं. गाइरमुंड हा खाडीतला सगळ्यात बडा माणूस. आपल्या नव्या गलबताच्या नाळेवर, अगदी पुढच्या टोकाला, बसवायला त्याने ते मागवलं होतं, आणि अर्थातच योरुनकडे नव्हे, तिच्या बाबांकडे. ओनुंडचं लाकूडकाम म्हटलं की लोक दोन दिवसांची वाट तुडवून यायचे. पण तीन हिवाळ्यांपूर्वी एका हिमवादळात ओनुंडच्या उजव्या हाताची बोटं गारठून मेली होती, आणि हे घराबाहेर कुणालाच ठाऊक नव्हतं. सकाळी तो कामाच्या खोपट्यात शिरायचा, पाठोपाठ पोरगी स्कीरचा वाडगा घेऊन आत जायची, दार बंद व्हायचं. मग आत बाप ते घट्ट दही खात बसायचा आणि पोरगी पटाशी चालवायची.

गलबत ओकचं होतं, डोकं नव्हतं. काळ्या वाळूवर वाहून आलेला तो ओंडका कुठल्या झाडाचा, हे ओनुंडलाही सांगता आलं नाही. साल नाही, गाठ नाही, वास नाही. पटाशी त्यात लोण्यात जावी तशी जायची. खवले कोरताना योरुन श्वास रोखून धरायची. सहा खवले एका दमात. सातव्याला श्वास सुटायचा आणि तो खवला किंचित डावीकडे कलायचा. मानेभोवती खवल्यांचे नऊ वेढे, आणि प्रत्येक वेढ्यात दर सातवा कललेला. तिला ते तासून नीट करायचं होतं.

"राहू दे," बाबा म्हणाले होते. "उद्या मी आंधळा झालो तरी हात फिरवून ओळखेन, की हे माझ्या योरुनचं आहे."

म्हणजे जगात एकाला तरी ते ओळखता येणार होतं.

गलबत नॉर्वेला गेलं आणि उन्हाळ्याच्या मध्यावर परत आलं. त्या दिवशी योरुन ग्रोआमावशीबरोबर मांडवावर मासे वाळत घालत होती. ग्रोआमावशी म्हणजे शेजारची विधवा. तिच्या जिभेला सगळी खाडी वचकून असायची.

"मावशी, त्याने केलं काय होतं पण?"

"कुणी गं?"

"यॉर्मुंगांद सर्पाने. ओडिनदेवाने उचलून समुद्रात फेकला तेव्हा तो केवढा होता?"

"असेल तुझ्या मनगटाएवढा. आता साऱ्या जगाला वेढा घालून, स्वतःचंच शेपूट तोंडात धरून बसलाय."

"हेच म्हणते मी! पुढे हा वाईट वागेल म्हणून आधीच शिक्षा? कुणीतरी भविष्य सांगितलं आणि यांनी एवढंसं पोर समुद्रात भिरकावलं? घरात ठेवला असता तर वाढला असता का तो एवढा?"

"घरात ठेवला असता तर तुझ्या बापाचं सगळं दही संपवलं असतं त्याने." ग्रोआमावशीने मासा फटकन दांडीवर टाकला. "बाकीची पोरं थोरदेवाच्या हातोड्याची गोष्ट मागतात. तुला त्या सर्पाची कणव."

"कणव नाही. राग येतो मला."

"तुला कशाचा येत नाही?"

आणि तेवढ्यात खाडीच्या तोंडाशी शीड दिसलं.

योरुनने पहिल्यांदा पाहिलं ते डोकंच. उन्हात जबडा उघडा, दात पांढरे, मान पाण्यावर ताठ. तिचं काळीज टुणकन उडालं. माझं! मी केलेलं! आणि दुसऱ्याच क्षणी तिच्या हातातला मासा खाली पडला.

डोकं नाळेवर होतं. किनारा समोर होता, आणि डोकं अजून नाळेवर होतं.

जमीन दिसली की डोकं उतरवायचं, हे इथे रांगत्या पोरालाही कळतं. डोंगराला राखणदार असतो, झऱ्याला असतो, बेटावरच्या खडकालाही असतो. त्यांच्या अंगावर दात विचकत कुणी येत नाही. खुंटी काढायची, दोघांनी मिळून डोकं उचलायचं, तोंड खाली करून लोकरी कापडात गुंडाळून ठेवायचं, आणि मग वल्ही मारायची. गाइरमुंडने यातलं काहीही केलं नव्हतं. सुकाणूपाशी छाती काढून तो उभा होता. पलीकडच्या काठावर त्याच्या वैऱ्यांची घरं होती, आणि गलबत मुद्दाम त्या काठाला घासून, सावकाश येत होतं.

ग्रोआमावशीने डोक्यावरच्या रुमालाने डोळे झाकले. "उतरव रे मेल्या, उतरव," ती पुटपुटत राहिली.

मग बेटावरचे पक्षी उठले. हजारो. एरवी ते उठले की कान किटतात. त्या दिवशी फक्त पंखांचा आवाज झाला, एकाही चोचीतून सूर निघाला नाही. ते डोंगरावरून पलीकडे गेले आणि परत आले नाहीत.

तीन दिवसांनी सील गेले. मग ग्रोआमावशीच्या घरामागचा झरा बारीक झाला आणि त्याचं पाणी खारट लागू लागलं. पाचव्या सकाळी डोंगरावर चरायला सोडलेली मेंढरं कुणी न हाकता खाली उतरली आणि किनाऱ्यावर ओळीने उभी राहिली. सगळ्यांची पाठ डोंगराकडे होती. त्यांच्यासमोर गवत टाकलं तरी ती खाली बघेनात. ती पाण्याकडे बघत होती.

लोक कुजबुजू लागले, आणि कुजबूज आपल्या दारापर्यंत पोचायच्या आत गाइरमुंडने तोंड उघडलं. तो म्हणाला, "माझा काय दोष? मी उतरवायला सांगितलं होतं. खुंटीच निघाली नाही! ओनुंडचं काम कच्चं निघालं. अजूनही डोकं अडकलेलं आहे, वाटल्यास गलबताच्या खोपीत येऊन बघा."

म्हणजे वाहवा होत होती तोवर ते गाइरमुंडचं डोकं होतं. आता ते ओनुंडचं झालं!

योरुनने घरी येऊन पहिल्यांदा दादाला धरलं. कोल, तिचा मोठा भाऊ, त्याच गलबतावर वल्ही मारायचा.

"तू होतास तिथे. सांग, खुंटी काढायला कुणी हात तरी लावला?"

कोल बूट घासत राहिला. त्या बुटांवर कसलाही डाग नव्हता.

"दादा, मी तुझ्याशी बोलतेय. बुटांशी नाही."

"गाइरमुंड म्हणाला, राहू दे, त्यांना दिसू दे," तो हळूच म्हणाला. "झालं समाधान?"

"मग निवाड्याच्या सभेत हेच सांग!"

"आणि पुढच्या वर्षी मला वल्ह्यावर कोण घेईल? तू? तुझ्या मासे वाळवायच्या मांडवावर?"

"बाबांना तीन वर्षं देशाबाहेर काढतील दादा! त्या मेलेल्या बोटांनी परक्या मुलखात ते काय खातील? तुझे बूट?"

कोल उठून बाहेर गेला. कोपऱ्यात बसलेल्या ओनुंडने सगळं ऐकलं होतं. हातमोज्यातला उजवा हात मांडीवर ठेवून तो चुलीकडे बघत होता. "खुंटी चांगली होती," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, सगळे गवत कापायला गेलेले असताना, योरुन गाइरमुंडच्या खोपीत शिरली. मातीच्या भिंती, गवताचं छप्पर, डांबराचा वास. दाराच्या फटीतून उन्हाची एक पट्टी थेट नाळेवर पडली होती. ती गलबतावर चढली. डोक्याखाली हात घातला, अंगठा आणि एक बोट.

खुंटी निघाली. किंचित डावीकडे, आणि हातात.

"खोटारडा!" ती मोठ्याने म्हणाली.

डोकं एकटीला उचलण्यासारखं नव्हतं, पण दोन्ही हातांनी हलवल्यावर ते आपल्या खाचेत सहज डुगडुगलं. तिने खुंटी कमरेच्या पिशवीत टाकली. निघताना सवयीने मानेवरून हात फिरवला. पहिला वेढा, दुसरा, तिसरा. नववा.

दहावा.

अकरावा.

तिने परत मोजलं. अकराच होते. तिला आधी आली ती भीती नव्हती, चीडच होती. माझ्या कामात कुणी हात घातला? नॉर्वेतल्या कुठल्या सुताराला दिलं याने हे? ती वाकून त्या दोन नव्या वेढ्यांवर बोट फिरवू लागली. सहा खवले सरळ. सातवा किंचित डावीकडे.

परत सहा. परत सातवा.

खोपीत एकदम गार वाटलं. लाकूड मात्र तळहाताला कोमट लागत होतं, दुभत्या गाईच्या पोटासारखं. योरुनने हात काढला नाही. बाहेर मेंढरं उभी होती आणि तरीही कुठेच बें बें ऐकू येत नव्हतं. ती त्या सर्पाशी बोलली तेव्हाही शब्द रागाचेच आले.

"तू होतास तिथे. तुला माहीत आहे तो खोटं बोलतो. म्हणतो खुंटी निघत नाही! मग निघूच देऊ नकोस. बघू दे त्याला."

उन्हाची पट्टी सरकली होती. डोळ्याच्या खाचेत तिने कधीच न कोरलेली एक रेघ दिसत होती. ती मागे न बघता बाहेर पडली.

सभा माळावर भरली. मध्ये सपाट दगडावर शपथेचं चांदीचं कडं, त्याला बोकडाचं रक्त लावलेलं. कायदा तोंडपाठ असलेला म्हातारा स्केगी दगडाशेजारी बसला होता. गाइरमुंडने आपलं म्हणणं सांगितलं. मग ओनुंडला विचारलं, आणि ओनुंड काही बोलायच्या आत योरुन बायकांच्या रांगेतून पुढे आली.

"ते डोकं मी कोरलंय. खुंटीही माझी. आणि ती निघते."

माळभर हशा पिकला.

"ओनुंड, मांजरीला पण पटाशी देतोस की काय?" कुणीतरी ओरडलं.

"पोरी, चमचे कर, लग्नात लागतील!"

ओनुंड उभा राहिला. त्याने दातांनी उजव्या हाताचा मोजा ओढून काढला आणि ती काळी, वाळकी बोटं सगळ्यांसमोर धरली. हशा थांबला. तीन वर्षं जपलेली गोष्ट त्याने एका दमात उघडी टाकली होती. त्याच्या चेहऱ्याकडे बघवेना.

"पोरगी खरं बोलतेय," तो म्हणाला.

गाइरमुंडने आधी त्या बोटांकडे पाहिलं. मग त्याचा चेहरा उजळला. "ऐकलंत? म्हणजे मला फसवलं! ओनुंडचं काम म्हणून पोरीचा खेळ माझ्या गलबतावर बसवला! मग खुंटी अडकणार नाही तर काय?"

आणि लोकांनी माना हलवल्या! योरुनचा विश्वास बसेना. तिने खरं सांगितलं होतं, आणि त्याच खऱ्याचा दगड करून तो तिच्या बापाला मारत होता. तिने पिशवीतून खुंटी काढून उंच धरली. "ही बघा! परवा मी दोन बोटांनी काढली."

"बोटभर लाकूड कुणीही तासेल," गाइरमुंड म्हणाला. "मी कड्यावर हात ठेवून सांगतो. आणि माझी सहा माणसं माझ्याबरोबर सांगतील."

सहा जण पुढे आले. सहावा कोल होता. पाच हात कड्यावर पडले. कोलचा हात अर्ध्यावर थांबला. त्याने योरुनकडे पाहिलं, बाबांच्या बोटांकडे पाहिलं, आणि हात मागे घेऊन तो गर्दीत शिरला. त्याच्या जागी दुसरा कुणी आला. कोल मात्र गर्दीत जाऊनही गप्पच राहिला. तेवढ्यासाठी योरुन त्याला जन्मभर बोलणार होती.

"खुंटी निघाली नाही," गाइरमुंड कड्यावर हात ठेवून म्हणाला. "डोकं जागचं हललं नाही."

"निघाली नाही," सहा जण म्हणाले.

"चला मग बघायला," योरुन म्हणाली. "खोपी पन्नास पावलांवर आहे. भिता कशाला?"

स्केगी उठला. सगळे निघाले. दार सताड उघडलं, ऊन आत आलं, आणि योरुन खुंटी हातात धरून नाळेखाली हात घालायला चढली.

भोक नव्हतं.

तिने दुसऱ्या बाजूने पाहिलं. तिथेही नव्हतं. खाच नव्हती, सांधा नव्हता. डोक्याचं फिकट, बिनवासाचं लाकूड गलबताच्या ओकमध्ये उतरत गेलं होतं. एकच रेषा, एकच शीर, दातांपासून थेट तळापर्यंत, जणू ते असंच उगवलं होतं. पाहणारे एकेक पाऊल मागे सरले. गाइरमुंडही. त्याचा हात, अजून बोकडाचं रक्त लागलेला, नकळत सदऱ्याला पुसला जात होता.

त्या क्षणी त्याला कळलं होतं. योरुनने ते त्याच्या डोळ्यांत पाहिलं. आपण खोटं बोललो हे त्याला माहीत होतं, आणि समोर ते खरं होऊन उभं होतं. तरीही तो म्हणाला, "बघा. मी काय सांगत होतो?"

स्केगीने निकाल दिला. ओनुंड तीन वर्षं देशाबाहेर. पण आधी हे डोकं या भूमीवरून जायला हवं. ज्याचं गलबत त्याने आणि शपथ घेणाऱ्या सहा जणांनी जमीन दिसेनाशी होईल इतकं लांब जावं, ते करवतीने कापून समुद्रात सोडावं आणि परत येऊन साक्ष द्यावी. गाइरमुंड किनाऱ्यावर पाय ठेवेल, त्या दिवसापासून ओनुंडची शिक्षा सुरू.

"परत फेकायचंच त्याला?" योरुनच्या तोंडून निघालं. कुणी लक्ष दिलं नाही. फक्त ग्रोआमावशीने चमकून तिच्याकडे पाहिलं.

बाबांची गाठोडी बांधायला योरुनने साफ नकार दिला. कोलने बांधली. गलबत निघायच्या सकाळी गाइरमुंडचा माणूस त्याला वल्ह्यावर बोलवायला आला, तेव्हा तो म्हणाला, "मला बरं नाही." त्याला चांगलं बरं होतं.

गलबत सकाळच्या उन्हात गेलं.

तिसऱ्या दिवशी ते परत आलं. डोकं नाळेवर होतं.

खाडीच्या तोंडापाशी आलं, आणि डोंगरावरून वारा उतरला. खाडीत गवताचं पातं हललं नाही. पण तिकडे शीड उलटं फुगलं आणि गलबत मागे सरकत, सरकत दिसेनासं झालं.

चौथ्या दिवशी तेच झालं. पाचव्या दिवशीही. माणसं वल्हवताना दिसायची. एकदा गाइरमुंड नाळेवर चढून करवत चालवताना दिसला. करवतीचा आवाज पाण्यावरून किनाऱ्यापर्यंत आला. दुसऱ्या दिवशी डोकं होतं तिथेच होतं. मान मात्र आदल्या दिवसापेक्षा उंच होती.

दोन नावा दोर घेऊन त्यांच्याकडे निघाल्या. कितीही वल्हवलं तरी गलबत तेवढंच लांब राहिलं.

बेटावर पक्षी परतले. झरा गोड झाला. मेंढरं डोंगर चढून चरू लागली. पंधरा दिवस झाले, मग वीस. लोकांनी त्या बाजूला बघणं हळूहळू सोडून दिलं. गाइरमुंडचा पाय किनाऱ्याला लागला नव्हता, म्हणून ओनुंड घरीच होता. दोषी, पण घरी. त्याला निर्दोष म्हणायला मात्र एकही जण आला नाही. सगळ्यांनी खुंटी पाहिली होती, सगळ्यांना कळलं होतं, आणि सगळे वाटेत भेटले की हवापाण्याचं बोलायचे. योरुनचा राग तसूभर कमी झाला नव्हता.

त्या दुपारी ती मांडवाच्या टोकाला उभी राहिली. गलबत खाडीच्या तोंडाशी होतं. आता वल्ही हलत नव्हती. बाजूच्या फळ्यांवर फिकट रंगाचे पट्टे चढलेले दिसत होते, नाळेपासून मागे, एकाला लागून एक. वेढे.

तिने पिशवीत हात घालून खुंटी काढली.

खुंटी तिने गुळगुळीत ठेवली होती. कोरीवकाम करायला तिच्यावर जागाच नव्हती. आता बोटांना काहीतरी खरखरीत लागलं. बारीक, मोहरीएवढे खवले, नीट ओळीत. ती मोजू लागली आणि मोजताना, कोरताना रोखायची तसा, तिने श्वास रोखला.

एक. दोन. तीन.

तिकडे गलबत जागच्या जागी थांबलं. त्याच्याखालचं पाणीही थांबलं.

चार. पाच. सहा.

मग तिला श्वास सोडावाच लागला. आणि खाडीच्या तोंडाशी ते गलबत, वारा नसताना, हळूच डावीकडे कललं.